वस्तूचा पुढचा धनी कोण?

बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला वळसा घालून महाळुंग्यात शिरले की तीन गोष्टी एका नजरेत मावतात: वीस-तीस मजली इमारत, तिच्या पायथ्याशी बांधकाम मजुरांची पत्र्याची वस्ती आणि दोहोंच्या मध्ये कसाबसा तग धरून असलेला एखादा गोठा. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी हे संकुल उभे राहिले तेव्हा महाळुंगे हे मुळशी तालुक्यातले, मुळेकाठचे शेतीचे गाव होते. मग पलीकडे हिंजवडी फुगली, पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाने महाळुंगे-माणची नगररचना योजना आखली आणि ३० जून २०२१ला गाव पुणे महापालिकेत जमा झाले. आता इथल्या प्रत्येक गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत ‘हरित’, ‘निसर्गाच्या कुशीत’ आणि ‘पर्यावरणस्नेही’ हे शब्द असतात. निसर्ग बहुतेक वेळा प्रवेशद्वाराजवळच्या कुंड्यांत असतो.

रोजच्या वापरातल्या वस्तूंत आणि जागांत कल्पक, निसर्गाला न ओरबाडणारी रचना खरोखर कुठे दिसते, या प्रश्नावर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. प्रदर्शने भरतात, पुरस्कार दिले जातात, बांबूचे पेन वाटले जातात. या सगळ्याकडे बघताना मी एकच कसोटी लावतो: वस्तू वापरून झाली की ती कोणाच्या हातात जाते? पुढचा धनी ठरलेला असेल तर रचना पुरी झाली. तो ठरलेला नसेल, तर वस्तू कितीही देखणी आणि मातकट रंगाची असो, ती उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोची वाट धरणार.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याने १९५८मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेचा पाया त्यातून घातला गेला. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वांत आवडला तो आपला तांब्या. त्याचा घाट, वजन, हातात बसण्याची आणि डोक्यावर तोलण्याची सोय, पाणी ओतण्याची धार, फुटला-पोचला तर त्या धातूचे काय मोल येते, असे सगळे प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. यातला शेवटचा प्रश्न आपल्या घरांत ‘मोड’ या नावाने रोजच्या व्यवहारात होता. जुने भांडे तांबटाकडे टाकायचे, वजनावर मोड वजा करायची, वरची मजुरी द्यायची आणि नवे घेऊन यायचे.

याचा सर्वांत डौलदार नमुना म्हणजे पाणी तापवायचा बंब. आज तो हॉटेलांच्या स्वागतकक्षात पितळी झळाळीसह उभा दिसतो, पण त्याची आतली रचना फार थोड्यांनी पाहिलेली असते. तांब्याच्या उभ्या पिंपाच्या मधोमध वरून खाली आरपार नळी. नळीत वरून ढलप्या, करवंट्या, नारळाच्या शेंड्या, शिळी रद्दी टाकायची. खाली जाळी असते, राख तिच्यातून गळते आणि हवा तिच्यातून चढते. नळीच्या चारी अंगांनी पाणी, त्यामुळे जाळाची एकही बाजू वाया जात नाही. चूल, धुराडे आणि हंडा हे तिन्ही एकाच भांड्यात. इंधन म्हणून लागतो तो घरातला कचरा, राख भांडी घासायला जाते आणि तीस-चाळीस वर्षांनी बूड गळायला लागले की बंब पुण्याच्या तांबट आळीत मोडीला परत जातो. ही वस्तू कोणी ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून विकली नव्हती. तांबे महाग होते, लाकूड मोजून मिळायचे, म्हणून ती तशी झाली.

घरांचेही तसेच होते. मुळशी-मावळच्या घाटमाथ्याकडे कुडाच्या भिंतीला कारवी लागायची. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरणारे हे झुडूप. त्याच्या सरळ काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. वर गवत, पुढे ऐपतीप्रमाणे मंगलोरी कौले. मागच्या परसात मोरीचे पाणी सोडलेले आणि त्या पाण्यावर अळू, केळी, कर्दळ. सांडपाणी गटारात न जाता थेट पातळभाजीत जायचे, असे म्हटले तरी चालेल. आज सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मुळांच्या पट्ट्याची जी पद्धत अभियंते सुचवतात, तिच्यात बहुतेक वेळा कर्दळच लावलेली असते.

इथवर वाचून ‘जुने तेच सोने’ असा सूर कोणाला ऐकू येत असेल, तर थांबावे. ही सगळी सुबक रचना बायकांच्या कंबरेवर उभी होती. सारवण दर आठवड्याला, भिंतींचे लिंपण दर वर्षाला, माठ विहिरीवरून डोक्यावर, आणि चुलीचा धूर छातीत. कुडाला वाळवी लागली की डागडुजी करणारी, शेण गोळा करणारी, राखेने भांडी घासणारी व्यक्ती घरात फुकट उपलब्ध आहे, हे त्या रचनेने गृहीत धरले होते. सिमेंटचा कोबा आणि गॅसची शेगडी आली तेव्हा महाळुंग्यातल्या किंवा कुठल्याही गावातल्या आजीने हळहळ व्यक्त केली असेल असे मला वाटत नाही. म्हणून आजच्या घरात जुनी रचना आणायची, तर ते काम आता कोण करणार हे आधी सांगावे लागते.

पावसाचे बघा. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरले असायचे. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मध्ये पळसाची किंवा सागाची पाने दाबून भरलेली, डोक्यापासून कंबरेखालपर्यंत उतरणारी. छत्रीला एक हात लागतो. इरले वाकलेल्या पाठीवर आपसूक बसते आणि दोन्ही हात रोपांना मोकळे राहतात. पाऊस सरला की पाने चुलीत, सांगाडा माळ्यावर, पुढच्या आषाढात नवी पाने. पुरुषांना घोंगडीची खोळ होती: दख्खनी मेंढीची लोकर, तिला चिंचोक्याची खळ, आणि एक कोपरा दुसऱ्यात दुमडून केलेली टोपी. खताच्या प्लॅस्टिक पिशव्या आल्या तेव्हा शेतकऱ्याने तीच घडी, तोच कोपरा त्या पिशवीला घातला. कापड बदलले, घडी टिकली. रचना या गोष्टीचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

तिसरी पिढी आज महाळुंग्याच्या रस्त्यावर दिसते, ती फ्लेक्सची. वाढदिवस, निवड, हार्दिक अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. चौकातून उतरलेला प्रत्येक फलक दोन दिवसांत कुठल्यातरी पत्र्याच्या खोलीवर किंवा भाजीच्या हातगाडीवर चढतो. छापील बाजू बहुधा आत असते, त्यामुळे कोथिंबिरीच्या जुडीवर एखाद्या नेत्याचा हसरा चेहरा सावली धरून उभा असतो. लोकप्रतिनिधीने मतदाराला दिलेले हे छत्र बहुधा सर्वांत टिकाऊ.

मजुरांच्या वस्तीत थोडा वेळ उभे राहिले तर रचनेचे पाठ्यपुस्तक उघडते. रंगाचा वीस लिटरचा डबा आंघोळीची बादली होतो, मग सामानाची पेटी, मग फुटल्यावर तुळशीची कुंडी. केबलचे लाकडी रीळ आडवे पाडले की चहाच्या टपरीचे टेबल. जुन्या साडीची झोळी सेंटरिंगच्या बल्लीला बांधली की लेकरू झोपते; साडी सुती असेल तर तिच्यातून वारा जातो, हे बांधणाऱ्या आईला सांगावे लागत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उसवून, जोडून आडोसा केलेला असतो. यात गरिबी आहे आणि ती गोंडस करून सांगण्यात अर्थ नाही. चार वर्षांच्या कामासाठी माणसांना पत्र्याच्या भट्टीत राहायला लावणारा प्रकल्प शेवटी स्वतःच्या भिंतीवर हरित मानांकनाची पाटी लावतो, ही विसंगती पाहूनही मानांकन देणारे पुढे जातात. पण वस्तूचा शेवटचा थेंब पिळून घेण्याचे कसब त्या इमारतीत राहायला येणाऱ्यांपेक्षा ती बांधणाऱ्यांकडे कितीतरी अधिक आहे, हेही खरे.

आता वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात येऊ. तिथला मोठा प्रश्न ओल्या कचऱ्याचा आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना तो स्वतःच्या आवारात जिरवायला सांगितले. मोठ्या सोसायट्यांमध्ये मग यंत्रे आली. यांतली बरीचशी यंत्रे विजेवर कचरा वाळवतात, दळतात आणि त्याला खत म्हणतात. एका सोसायटीत मी असे यंत्र पाहिले, त्याच्या नियंत्रणपेटीवर कोळ्याचे जाळे होते आणि शेजारी विटांच्या साध्या हौदात माळीबुवांनी पालापाचोळा, शेण आणि खरकटे यांचे थर देऊन उत्तम खत केलेले होते. यंत्राचा देखभाल करार संपला होता; माळीबुवांचा संपला नव्हता.

पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेचे काम इथे आठवते. संस्थेचे पूर्ण नाव ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, आणि तिच्यामागचे डोके वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांचे. गोबरगॅस म्हटले की शेण हे समीकरण देशभर रूढ होते. कर्व्यांनी साधा प्रश्न विचारला: गॅस करणारे जिवाणू गाईच्या पोटातून शेणात येतात, म्हणजे गाईने आधीच पचवून टाकलेला चोथा आपण त्यांना खाऊ घालतो, गाय जे खाते तेच थेट त्यांना दिले तर? पिठूळ आणि गोड पदार्थ दिले. शिळी पोळी, उरलेला भात, आंबलेले पीठ, फळांची सडकी फोड. जिथे जुन्या संयंत्राला रोज चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवसांचा मुक्काम लागायचा, तिथे दोनेक किलो खरकट्यावर एका दिवसात तेवढाच गॅस मिळतो, असा आरतीचा दावा होता. याहून मला आवडते ते त्याचे अंग. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या घ्यायच्या, तोंडे कापायची, मोठीत लहान उपडी घालायची. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, शेगडी पेटवली की खाली बसते. घरात गॅस किती आहे हे दुरून डोळ्यांना दिसते, मापक नको, काटा नको. २००६मध्ये या संयंत्राला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

मग घराघरांत ते का गेले नाही? त्याला रोज भरवावे लागते. घर आठ दिवस बंद ठेवून गावी गेले की जिवाणू उपाशी. थंडीत गॅस मंदावतो. वर मोकळी, उन्हाची गच्ची हवी, आणि महाळुंग्यातल्या बाविसाव्या मजल्यावरच्या माणसाची गच्ची सगळ्यांची असते, म्हणजे कोणाचीच नसते. सिलिंडर एका फोनवर येतो. उत्तम रचना आणि रोजची सवय यांच्यातल्या झटापटीत सवय जिंकली. तरी शाळेचे पोषण आहार केंद्र, मेस, मंगल कार्यालय अशा ठिकाणी, जिथे खरकटे रोज ठरलेले आणि माणूसही पगारी, तिथे हेच तत्त्व मोठ्या आकारात नीट चालू शकते. वस्तू चुकली नव्हती, पत्ता चुकला होता.

पाल्याचे काम त्यामानाने सोपे. पुण्यात पानगळीच्या दिवसांत फुटपाथवर जाळली जाणारी वाळकी पाने पाहून २०१६मध्ये अदिती देवधर यांनी ‘ब्राऊन लीफ’ सुरू केले. ज्याच्याकडे पाने नकोशी झाली आहेत आणि ज्याला गच्चीवरच्या बागेसाठी हवी आहेत, अशा दोघांची गाठ घालून द्यायची. यंत्र नाही, अनुदान नाही. पानांची पोती पुढच्या धन्याकडे पोचतात. आच्छादन म्हणून टाकली की कुंडीला पाणी कमी लागते आणि वर्षभरात माती होते. टँकरवर जगणाऱ्या पश्चिम पुण्याला ‘पाणी कमी लागते’ एवढे कारण पुरे आहे. मुळा नदी गावाला लागून वाहते आणि गावातल्या सोसायट्यांत टँकर येतो, याचे नवल आता कोणाला वाटत नाही. वरच्या अंगाला मुळशीचे धरण आहे. ज्याविरुद्ध १९२१मध्ये सेनापती बापटांनी मावळ्यांसह सत्याग्रह केला, तेच. त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे उतरते.

सुक्या कचऱ्याचा पुढचा धनी मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा ठरलेला आहे, फक्त आपण त्याला नावाने ओळखत नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३मध्ये उभी राहिली. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. या बायकांच्या हातांना वस्तूंची जी पारख आहे, ती कुठल्याही रचना महाविद्यालयात शिकवली जात नाही. पिशवी चुरगाळून आवाजावरून कडक माल कोणता, मऊ कोणता हे कळते. दुधाची पिशवी चालते, पुठ्ठा चालतो, पत्रा तर उत्तम. वेफर्सचे पाकीट चालत नाही. आत चंदेरी, बाहेर रंगीत, मध्ये आणखी एक-दोन थर. हे थर सुटे होत नाहीत म्हणून भंगारात भाव नाही, आणि भाव नाही म्हणून कोणी उचलत नाही. कारखान्यातल्या रचनाकाराने वेफर्स सहा महिने कुरकुरीत राहावेत एवढेच पाहिले. सातव्या महिन्याचा विचार त्याच्या कामाच्या यादीत नव्हता.

दुधाच्या पिशवीचा कोपरा हे आणखी लहान उदाहरण. कात्रीने कोपरा पूर्ण कापला की नखाएवढा तिकोनी तुकडा सुटा होतो. तो ओल्या कचऱ्यात पडतो, खतात जातो, मातीत जातो, कोणाच्याही बोटांना सापडत नाही. कोपरा अर्धाच कापून लोंबता ठेवला तर पिशवीबरोबर तोही भंगारात जातो. एका सेंटिमीटरचा हा फरक कोणी शिकवत नाही. तसाच लाल ठिपका. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्या, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या बाईला ते उघडून पाहावे लागणार नाही, अशी स्वच्छची मोहीम होती. त्यांनीच जुन्या वर्तमानपत्रांच्या पाकिटांचीही सोय केली, ती पाकिटे कचरावेचक बायकाच तयार करतात. रचनाशास्त्राच्या भाषेत याला भारी नावे असतील. इथे एका बाईने दुसऱ्या बाईची लाज आणि आजार दोन्ही वाचवले.

भाव नसलेल्या मालाला भाव आणण्याचे प्रयत्न पुण्यातच बरेच झाले. अमिता देशपांडे यांच्या ‘रीचरखा’ने प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, लांब पट्ट्या कापून, चरख्यावर भरून हातमागावर विणल्या आणि त्यांच्या झोळ्या, पाकिटे, चटया केल्या. नंदन भट यांच्या ‘इकोकारी’चेही काम त्याच जातीचे. अनिश मलपाणी यांच्या ‘विदाउट’ या उपक्रमाने २०२३मध्ये वेफर्सच्या पाकिटांपासून गॉगल बाजारात आणले आणि कचरावेचकांना त्या कामात पगारी नोकऱ्या दिल्या. हे सगळे मनापासून चांगले आहे. शंका एवढीच की गॉगल वापरून झाल्यावर, झोळीची वीण उसवल्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. आणि शहरातल्या पाकिटांच्या डोंगरापुढे गॉगल किती लागणार? या वस्तूंची खरी किंमत त्या पाकीट बनवणाऱ्याला लाजवतात यात आहे. तो लाजायला तयार नसेल तर नुसत्या विणकामाने डोंगर हलणार नाही.

बांबूचे असेच, थोडे उलट. २०१७पर्यंत कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होते, त्यामुळे शेतातला बांबू तोडून नेतानाही परवाना लागे. त्या वर्षी वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेले संपूर्ण बांबू केंद्र, कुडाळची कोनबॅक ही बांबू संस्था, मुंबई आयआयटीत प्रा. ए. जी. राव यांनी जोपासलेला बांबू विभाग, ‘वेणू भारती’ लिहिणारे नागपूरचे विनू काळे, अशी महाराष्ट्रात या कामाची चांगली फळी आहे. त्यांनी बांबूला सांधा शिकवला, बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया देऊन भुंग्यापासून वाचवला. बाजारात मात्र गाजला तो दातांचा ब्रश, आणि त्याच्या बहुतेक नमुन्यांत केस नायलॉनचेच असतात. पक्कड घेऊन ते उपटल्याशिवाय दांडी कुजायला टाकता येत नाही. ते किती जण उपटतात? सूप, रोवळी, परडी, डालगे विणणाऱ्या बुरुडाच्या वस्तूला असला प्रश्न पडत नव्हता. तिच्यात बांबूशिवाय काही नसायचे. पण सूप वापरायला घरात पाखडण्याजोगे धान्य यावे लागते. आपल्याकडे येते ते पाखडून, निवडून, पिशवीत.

वस्तूंवरून जागांकडे आले की प्रश्न अवघड होतो, कारण तिथे पैसे मोठे आहेत. महाळुंग्यातल्या इमारतींची पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये दुपारी हाताने तपासावी. तापलेले काँक्रीट रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहते आणि एसी ती बाहेर फेकत राहतो. सावली पाडणारी खोल बाल्कनी हा यावरचा सोपा उपाय. पण २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीपासून बाल्कनीही चटई क्षेत्रात मोजली जाते, म्हणजे सावलीच्या प्रत्येक फुटाला खोलीच्या फुटाचा भाव. मग बाल्कनी आखडते, छज्जा नावापुरता उरतो. उंच इमारतीला सावली देता येते हे चार्ल्स कोरियांनी मुंबईत १९८३मध्ये दाखवले आहे. ‘कांचनजंगा’त वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच, तेव्हा त्यांनी कोपऱ्यांत दोन मजले उंचीचे अंगण कोरले आणि जुन्या बंगल्याची पडवी आकाशात नेली. श्रीमंतांसाठी, हे कबूल. पण पडवी हा काही श्रीमंतीचा शोध नव्हता.

मुळशीतच डोंगरावर १९९७मध्ये सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे ख्रिस्तोफर बेनिंजर यांचे काम. स्थानिक काळा दगड, उतार न मोडता त्यावर टेकलेल्या भिंती, अंगणे. पुण्यात राहून ते मराठी वाड्यांचे चौक बारकाईने बघत आले होते, हे त्यांच्या इमारतींत दिसते. ध्रुवांग हिंगमिरे आणि प्रियांका गुंजीकर हे तरुण वास्तुविशारद गावच्या कारागिरांकडूनच शिकत माती, दगड, लाकडात घरे बांधतात. शिरूर तालुक्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांच्या विद्यार्थ्यांनी त्रिकोणांच्या सांगाड्याचे घुमट उभे केले, आणि १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर ते खरोखर कामी आले. हे सगळे बघताना एक किरकिर मात्र मनात राहते. मुळशीच्या डोंगरउतारावर मातीची शनिवार-रविवारची घरे वाढत आहेत. भिंत मातीची, पण शेजारी पोहण्याचा तलाव, आणि तिथवर जायला दर आठवड्याला दोन गाड्या. अशा घराला हरित म्हणायचे की हौस, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी हौस म्हणतो.

महापालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात पाच टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर दहा टक्के सवलत देते. चांगली गोष्ट. फक्त प्रकल्प बसवणे एका दिवसाचे काम आहे आणि चालवणे रोजचे. पावसाचे पाणी जिरवण्याचा खड्डाही इथल्या बेसाल्टला विचारून घ्यावा लागतो. एकसंध काळ्या पाषाणावर खणला तर तो डासांचा हौद होतो. भेगा आणि झिजलेला थर शोधून खणला तर बोअरला पाणी येते.

कल्पकता आणि विज्ञान एकत्र येऊन अडचणीतून वाट काढतात, त्याचा एक शुद्ध पुणेरी नमुना गणपतीचा. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०१६च्या सुमारास प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरच्या बादलीत विरघळवण्याची पद्धत दिली: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाल्यांचा खाण्याचा सोडा नव्हे, त्याचा भाऊ. मूर्तीचे कॅल्शियम सल्फेट बदलून तळाला चुनखडी बसते आणि वर अमोनियम सल्फेटचे पाणी राहते, ते पातळ करून झाडांना घालता येते. शाडू त्याहून बरी असे आपण सहज म्हणतो, पण पुण्यात येणारी बरीचशी शाडू गुजरातेतून खणून, मालमोटारीतून येते. घरच्या कुंडीतल्या मातीचा ओबडधोबड गणपती यात सर्वांवर मात करतो. त्याचा पुढचा धनी ती कुंडीच.

शेवटी अरविंद गुप्ता यांचे नाव घ्यायलाच हवे. पिंपरीच्या टेल्कोत काम करणारा हा अभियंता १९७८मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेला, तिथल्या आठवडी बाजारात सायकलची वॉल्व्ह ट्यूब त्याच्या हाती लागली आणि आगकाड्यांना तिचे सांधे देऊन त्रिकोण, घन, पूल करता येतात हे सुचले. त्रिकोण ढकलून मोडत नाही, चौकोन मोडतो, हे मूल बोटांनी शिकते. पुढे आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी केली आणि ती फुकट वाटली. २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत मला मोलाचे वाटते ते हे की ती मोडण्यासाठीच असतात. मूल ते उकलते, दुसरे करते.

महाळुंग्यातल्या नव्या सोसायट्यांत मुलांसाठी रबरी फरशीचे क्रीडांगण आहे, पण हातोडी-पक्कड घेऊन बसायला चार बाय चारची खोली नाही. मिक्सर दुरुस्त करणारा, छत्रीची काडी बसवणारा, चपलेला टाका घालणारा फाटकाबाहेरच्या पदपथावर बसतो, आणि अतिक्रमणाची गाडी आली की उठतो. जुनी साडी घेऊन भांडे देणारी बोहारीण तर फाटकावरच्या नोंदवहीत मावत नाही. सोसायटीचा सुका कचरा घेणाऱ्या बायका तो रस्त्याच्या कडेला, उन्हात, टेम्पोच्या सावलीत वेगळा करतात. नगररचना योजनेत बाग, शाळा, दवाखाना, पंप हाऊस यांच्या जागा आरक्षित होतात. तशी गावाच्या प्रत्येक भागात एक गुंठा जागा वर्गीकरण आणि दुरुस्तीसाठी राखता येईल. छप्पर, नळ, वीज, काटा आणि आतून लागणारी कडी एवढे तिथे असले की काम सुरू होईल. जागेचा भाव बघता हे कोणी आपणहून देणार नाही. ते आराखड्यातच घालून घ्यावे लागेल, आणि गाव महापालिकेत गेल्याला फार वर्षे झाली नाहीत, तोवरच ते मागता येईल.